माझ्या पायथ्याशी तीन तंबू

मी हिमोढ बोलतोय, पण हळू बोलतोय. जोरात बोलायची मला भीती वाटते. माझ्या अंगावरचा एक दगड घसरला, तर त्याच्यामागे किती घसरतील हे माझं मलाच ठाऊक नाही.

हिमोढ हा शब्द तुम्ही शाळेत भूगोलाच्या पुस्तकात वाचला असेल. हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढिगारा, एवढंच तिथे लिहिलेलं असतं, आणि ते खरंच आहे. कॅनडाच्या पार उत्तरेला, बॅफिन बेटावरच्या एका दरीत मी आडवा पडलो आहे. उंची दहा मजल्यांच्या इमारतीएवढी. माझ्यावर झाड नाही की झुडूप नाही. तुमच्या मसाल्यातल्या दगडफुलासारखं काहीतरी दगडांना चिकटलेलं असतं, तेवढीच माझी हिरवळ.

माझी आई म्हणजे ती हिमनदी. डोंगर खरवडत ती शतकानुशतकं खाली येत होती. वाटेत मिळेल ते पोटात घ्यायची. तिला निवडानिवड ठाऊक नव्हती. घराएवढा धोंडा आणि पिठासारखी माती ती एकाच जागी टाकायची. निवडणं हे पाण्याचं काम. पाणी जड खडे जवळ सोडतं, वाळू थोडी पुढे नेतं आणि गाळ पार समुद्रापर्यंत पोचवतं. आई दरीत एका जागी बराच काळ थांबली, आणि तिच्या तोंडाशी साचत साचत मी तयार झालो.

मग हवा उबदार होऊ लागली. आई मागे सरू लागली. आधी वर्षाला पावलाभराने, नंतर शंभर पावलांनी. जाताना तिचा एक मोठा तुकडा माझ्या दगडांखाली राहून गेला. वरून मी कोरडा, भक्कम ढीग दिसतो, पण माझ्या पोटात बर्फ आहे. त्या बर्फावरच मी उभा आहे.

आई गेली तिथे तळं साचलं. दुधात राख कालवावी तशा रंगाचं पाणी, आणि दर उन्हाळ्यात ते थोडं वर चढतं. तळं एका बाजूला, मोकळी दरी दुसऱ्या बाजूला, आणि मधे मी. मला कुणी धरण म्हणून बांधलेलं नाही. मला फक्त टाकून दिलं होतं.

गेल्या जुलैत माझ्या पायथ्याशी तीन बायका उतरल्या. छोट्या विमानाने त्यांना दरीतल्या वाळूवर सोडलं आणि ते निघून गेलं.

मोठ्या होत्या त्या देवयानी मॅडम. मूळच्या साताऱ्याच्या, आता चाळीस वर्षं कॅनडातल्याच लव्हाल शहरात राहिलेल्या. हिमनदी मागे सरताना दरीत कुठे काय टाकून जाते, याचाच त्यांनी जन्मभर अभ्यास केलेला. निवृत्तीआधीची ही त्यांची शेवटची फेरी होती. त्यांच्या दोन विद्यार्थिनी. गौरांगी इकडेच कॅनडात, ओकव्हिलमध्ये जन्मलेली, मराठी समजायची आणि बरंचसं इंग्रजीतून उत्तर द्यायची. दुसरी कृतिका, दोन वर्षांपूर्वी जळगावहून शिकायला आलेली. गौरांगी मॅडमना सरळ "देवयानी" म्हणायची. कृतिकाला ते ऐकूनच कसंतरी व्हायचं.

मॅडमनी जागा निवडली ती नेमकी माझ्या पायथ्याची. वाळू सपाट होती, ओढा जवळ होता आणि मी वारा अडवत होतो.

"बों, ठीक, इथेच," त्या लव्हालच्या फ्रेंच सवयीने म्हणाल्या आणि माझ्या एका दगडावर थाप मारली. "हा म्हातारा कुठे जात नाही."

मी शहारलो. दोन वर्षांपासून मला आतून थेंबांचा आवाज येत होता.

त्यांनी तीन तंबू उभारले. अस्वलं येऊ नयेत म्हणून भोवती तारेचं कुंपण केलं, जवळ एक बंदूकही ठेवली. अस्वलांची त्यांना भीती वाटत होती. माझी वाटत नव्हती.

मी हलतो का ते बघायला माझ्या माथ्यावर दहा काठ्या ठोकायच्या होत्या. उपग्रहावरून मोजणारं यंत्र पहिल्याच दिवशी भिजून बंद पडलं होतं, त्यामुळे आता सगळी भिस्त काठ्यांवर होती. त्या कृतिकाने ठोकल्या. दोन तिरक्या गेल्या.

"हे काय गं? वरातीतून आल्यासारख्या डुलतायत," मॅडम हसून म्हणाल्या.

मॅडम ते विसरून गेल्या. कृतिका विसरली नाही.

त्या दिवसापासून ती सकाळी सगळ्यांच्या आधी वर यायची. मधल्या चार काठ्या थोड्या कललेल्या असायच्या. तिला वाटायचं, आपणच नीट ठोकल्या नाहीत. मग ती त्या सरळ करायची, बुडाशी दगड चेपायची, आणि वहीत लिहायची, "सर्व काठ्या उभ्या. हालचाल नाही." संध्याकाळी मॅडम वही बघून मान डोलवायच्या.

मला तोंड नाही. मी कलतोय हे सांगायला माझ्याकडे त्या काठ्यांशिवाय काही नव्हतं. आणि ती गुणी पोरगी माझं सांगणं रोज पुसून टाकत होती.

मी भ्यायलो. स्वतःसाठी नव्हे. मी फुटलो तर नुसता पसरेन, ढिगाला मरण नसतं. पण माझ्यामागे अख्खं तळं उभं होतं, आणि पुढे तीन तंबूंत तीन बायका झोपत होत्या. इथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. त्या झोपायच्या तेव्हाही लख्ख उजेड असायचा, आणि मला त्यांचे बूट तंबूबाहेर नीट लावून ठेवलेले दिसायचे.

एकदा मी धीर करून एक लहानसा दगड सोडला. तो गडगडत गौरांगीच्या तंबूशी जाऊन थांबला. म्हटलं, आता तरी घाबरतील.

"ओह नाइस!" गौरांगी म्हणाली, आणि तो तिने तंबूची दोरी दाबायला ठेवला.

पुन्हा सोडायची माझी छाती झाली नाही.

अकराव्या दिवशी सकाळी चहा चालला होता. कृतिका वरून धापा टाकत आली. हात मातीने भरलेले.

"व्हॉट डू यू डू अप देअर?" गौरांगीने विचारलं. "यू आर लाइक, ऑब्सेस्ड विथ दोज स्टिक्स."

"काही नाही गं. सरळ करून येते."

"रोज?"

कृतिकाने मॅडमकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले. "सॉरी मॅडम. मला ठोकता येत नाहीत नीट. रोज कलतात, म्हणून मी..."

मॅडमच्या हातातला कप तसाच राहिला. "कुठल्या कलतात?"

"मधल्या चार."

"कुठल्या बाजूला?"

कृतिकाने तंबूंकडे बोट केलं. "आपल्याकडे."

मॅडमनी कप वाळूत ठेवला. तो कलंडला, तिकडे त्यांनी पाहिलं नाही. फावडं घेऊन त्या माझ्यावर चढल्या, त्या वयात, एकदाही न थांबता. मधल्या काठ्यांपाशी त्यांनी खणलं. गुडघाभर खोलीवर फावडं टणकन वाजलं. खाली काळपट बर्फ होता, आणि त्यावरून पाणी झिरपत होतं. दोघी पोरी मागोमाग वर पोचल्या.

"मी ह्याच्या पायथ्याशी तुम्हाला झोपवलं," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं हेच शिकवते मी. आणि वारा लागत नाही म्हणून तुम्हाला इथे झोपवलं."

"मॅडम, चूक माझी आहे. मी..."

"नंतर भांडू चूक कोणाची ते. चल. गौरांगी, टेंट्स! आधी फोन आणि बंदूक, मग खाणं."

दरीच्या कडेला खडकाचा एक उंच कट्टा आहे. त्या सामान तिकडे नेऊ लागल्या. एक खेप झाली, दोन झाल्या. मी पोटातल्या बर्फाला म्हणत होतो, थांब, अजून थोडं थांब. माझ्या पाठीवर पाण्याचा दाब वाढत होता आणि तळाशी एक झरा फुटला होता. तो मला लपवता येत नव्हता आणि थांबवताही येत नव्हता.

तिसऱ्या खेपेला कृतिका एकटीच पळत खाली आली. तिने दहा दिवस खपून मातीचे नमुने पिशव्यांत भरले होते, नावं घालून, तारखा घालून. त्यावर तिचा प्रबंध उभा राहायचा होता. ती माझ्या पायाशी वाकली, आणि माझ्या माथ्यावरची वाळू हलली.

"कृतिका, सोड ते!" मॅडम वरून ओरडल्या. "माती पाहिजे ना? लव्हालच्या अंगणातली देते, टोपलीभर! वर ये आधी!"

"मॅडम, दोनच पिशव्या..."

"देवयानी, शी इज नॉट लिसनिंग!" गौरांगी किंचाळली. मग पहिल्यांदाच तिने अख्खं मराठी वाक्य ओरडून म्हटलं, "ताई, तू मरशील!"

कृतिकाने पिशव्या टाकल्या आणि पळाली.

ती कट्ट्यावर पोचली तेव्हा मी अजून उभा होतो. तो उभा राहिलेला वेळ हे मी माझ्या आयुष्यात केलेलं एकमेव काम. त्यानंतर मला धरवलं नाही. मी मधून फाटलो. तळं माझ्यातून धावलं, आणि घराएवढे धोंडे त्याने चेंडूसारखे पुढे नेले. त्या तिघी एकमेकींना धरून बघत होत्या. पाण्याचा आवाज थांबला तेव्हा खाली तारेचं कुंपणही उरलं नव्हतं. चौथ्या दिवशी विमान आलं आणि त्यांना घेऊन गेलं.

आता मी दोन तुकड्यांत आहे. मधून ओढा वाहतो. माझ्या डाव्या तुकड्यातला बर्फ संपला, तो आता शांत आहे, खराखुरा ढिगारा झाला आहे. उजव्या तुकड्यात बर्फ अजून आहे, आणि त्याच्यामागच्या खोलगट जागेत नवं पाणी साचू लागलं आहे. थेंब पडतोय. मी मोजत नाही, मोजायची भीती वाटते.

आई आता इतकी मागे गेली आहे की मला दिसत नाही. ती जिथे जिथे थांबली, तिथे तिथे माझ्यासारखी भावंडं टाकत गेली असेल. त्यांच्या पोटात काय आहे, ते तुम्हाला वरून कळणार नाही.

म्हणून सांगतो. आम्हाला बघायला या, मोजा, आमची माती घेऊन जा. पण आमच्या भरवशावर झोपू नका. आत्ताही उशीर करू नका. मी उभा आहे, तोवर निघा.