उरलेल्या मोसमापुरता कोच

आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या कोचपदावरून रॉय टेगलंडला काढलं त्या रविवारी आम्ही चर्चमधून नुकतेच आलो होतो. मी दालचिनीचे रोल ओव्हनमधून बाहेर काढत होते आणि माझा नवरा हार्लन टाय सैल करत होता. तेवढ्यात दार वाजलं. बघते तर हॉलिस कॉलेजचे क्रीडा संचालक बॉमन, हॅट हातात घेऊन उभे. आमच्या घरी ते याआधी कधीच आले नव्हते.

"हार्लन, जरा बसून बोलू या का?"

"उभ्यानंच सांगा," हार्लन म्हणाला. त्याला कळलंच होतं. चारपैकी तीन सामने आम्ही हरलो होतो. आदल्या दिवशी तर आमच्याच मैदानावर, आमच्याच लोकांनी शिट्ट्या मारून संघाला हाकललं होतं.

"रॉयला आज सकाळी सांगितलं. उरलेला मोसम तू सांभाळ."

"आणि नाही म्हणालो तर?"

बॉमन माझ्याकडे बघत म्हणाले, "तर मला बाहेरून माणूस आणावा लागेल. तो येताना स्वतःची माणसं घेऊन येईल. मग तू, पीट, बाकीचे मदतनीस, कोणाचीच खात्री मी देऊ शकत नाही."

पीट लँडग्राफ आमच्यातला सगळ्यात धाकटा मदतनीस. त्याच्या बायकोला जुळं होणार होतं आणि त्यांनी नुकतंच घर घेतलं होतं. बॉमनना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी पीटचं नाव घेतलं.

रॉय आणि माझा नवरा कॉलेजात एकाच संघात खेळलेले. पुढे रॉय मुख्य कोच झाला आणि हार्लन त्याच्या बचावफळीचा कोच. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात, रॉयच्या मागोमाग आमचं सामान निघायचं. नेब्रास्काच्या या टोकाला, मक्याच्या आणि बीटच्या शेतांमध्ये, आम्ही शेजारी शेजारी घरं घेतली. रॉयची बायको नोरीन आणि मी न लाजता एकमेकींकडे साखर मागण्याइतक्या जवळच्या. त्यांचा क्लेटन तर आमच्या स्वयंपाकघरातच वाढला. मागच्या दारानं न विचारता यायचा आणि फ्रिज उघडून उभा राहायचा. आम्हाला मूल नव्हतं. त्याचं ते उभं राहणं मला आवडायचं.

आणि अडचण क्लेटनचीच होती. तो बापाच्या संघाचा क्वार्टरबॅक होता, म्हणजे प्रत्येक डावात चेंडू ज्याच्या हातातून निघतो तो. सरावात असा फेकायचा की बघत राहावं. पण सामन्यात समोरची धिप्पाड पोरं अंगावर धावून आली की त्याचे पाय जमिनीला चिकटायचे. बाकावर टेरेल गेन्स नावाचा ओमाहाचा मुलगा बसून होता. तो यापेक्षा चांगला आहे हे सगळ्या गावाला दिसत होतं. हार्लननं हे ऑगस्टमध्येच रॉयला सांगितलं होतं. आमच्याच व्हरांड्यात बसले होते दोघं, खिडकीतून मला ऐकू येत होतं.

"टेरेलला खेळव, रॉय."

"क्ले माझा मुलगा आहे म्हणून म्हणतोयस."

"तुझा मुलगा आहे म्हणून बाकी कोणी म्हणत नाही. ते मी म्हणतोय."

रॉयनं ग्लासातला बर्फ गवतावर फेकला आणि घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी दोघंही असं वागले जणू काही बोलणं झालंच नव्हतं.

बॉमन गेल्यावर हार्लन तसाच टेगलंडांच्या गॅरेजकडे गेला. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"घे म्हणाला. मूर्खपणा करू नकोस म्हणाला. परक्यापेक्षा तू बरा."

"मग झालं तर."

"निघताना विचारलं त्यानं, क्लेला खेळवशील ना."

"तू काय सांगितलंस?"

हार्लननं टाय काढून खुर्चीवर टाकला. "काहीच नाही."

त्यानं पहिल्या सामन्यात क्लेला उतरवलं. पूर्वार्ध संपेपर्यंत त्यानं दोनदा चेंडू सरळ विरुद्ध संघाच्या हातात दिला आणि आम्ही बरेच मागे पडलो. मी आणि नोरीन नेहमीच्या रांगेत, एका शालीत बसलो होतो. नवऱ्याला काढलं तरी मुलगा खेळतो म्हणून ती आली होती. मध्यंतरानंतर संघ बाहेर आला तो टेरेलला पुढे घेऊन. क्ले बाजूला हेल्मेट हातात धरून उभा. शालीचं आपल्याकडचं टोक नोरीननं माझ्या मांडीवर ठेवलं आणि पायऱ्या उतरून गेली. तो सामना आम्ही जिंकलो. लोक मैदानात धावले.

सोमवारी संध्याकाळी आमच्या पुढच्या दाराची घंटा वाजली. क्ले होता. उन्हाळ्यात नेलेल्या गाडीच्या बॅटरीच्या वायरी परत द्यायला आला होता.

"या तुमच्या, मिसेस शुल्ट्झ."

मी म्हटलं, "अरे, आत ये. मटणाचं स्ट्यू केलंय."

"नको. थँक्यू."

'आँटी व्हर्ना' म्हणणाऱ्या पोराच्या तोंडून माझं आडनाव ऐकून मी वायरी हातात धरून कितीतरी वेळ दारातच उभी राहिले.

त्याला दुसरीकडे जाताही येत नव्हतं. तेव्हाचा नियम असा की कॉलेज बदललं तर एक वर्ष बसून काढायचं, आणि त्याच्याकडे खेळायची वर्षं फारशी उरली नव्हती. संघ सोडतो म्हणाला, तर रॉयनं त्याला सांगितलं, टेगलंड पळून जात नाहीत. रॉयलाही हलता येत नव्हतं. नोरीनची आई गावातल्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेली, आणि आमच्या गावात हिवाळ्याच्या तोंडावर कोण घर विकत घेतंय! तेव्हा रोज सकाळी हार्लन कामावर निघायचा आणि रॉय आपल्या दारात पानं गोळा करत असायचा. झाडाला पानं उरली नाहीत तरी तो गोळा करत होता.

आम्ही जिंकतच गेलो. मी दातांच्या दवाखान्यात कामाला होते. लोक तोंडात कापूस घेऊनही माझ्या नवऱ्याचं कौतुक करायचे. "हे आधीच करायला हवं होतं," म्हणायचे. औषधाच्या दुकानाच्या काचेवर पाटी लागली, 'हार्लनलाच ठेवा'. मग तशाच पाट्या अंगणांत उगवल्या. एके दिवशी कोणीतरी आमच्याही गवतात एक रोवून गेलं. हार्लन ती उपटायला लागला तर पलीकडून रॉयचा आवाज आला.

"राहू दे की. शोभतेय."

त्या महिन्यात रॉय त्याच्याशी तेवढंच बोलला.

हार्लनचं जेवण कमी झालं. ताटातला बटाटा काट्यानं इकडून तिकडे सारत बसायचा. एकदा मी म्हटलं, "जिंकतोयस तू. एवढं तोंड पाडायला काय झालं?"

"प्रत्येक वेळी जिंकलो की रॉयला खोटं पाडतो मी. आणि हरलो तर पीटची नोकरी जाते."

"मग करणार काय?"

"शनिवार आला की खेळणार. दुसरं काय येतं मला?"

खरं सांगते, मी स्टँडमध्ये बसून हरण्याची वाट बघायला लागले होते. आजूबाजूचे उठून ओरडायचे, मीही उठायचे, टाळ्या वाजवायचे, आणि मनात म्हणायचे, टेरेल, एकदा तरी चुकव रे बाबा. टेरेल चुकवायचा नाही. सामना संपला की टेहळणीला बसल्यासारखे टेगलंडांच्या खिडकीकडे बघत आम्ही गाडी दारात आणायचो. हॉर्न वाजवायचा नाही, दार हळूच लावायचं. चोरासारखे जिंकून घरी यायचो.

शेवटच्या सामन्याच्या आठवड्यात, बुधवारी, बॉमननी हार्लनला ऑफिसात बोलावलं. त्यानं मला ते किराण्याच्या दुकानाबाहेर, गाडीत बसून सांगितलं. इंजिन चालूच होतं.

"नवा कोच ठरलाय. मिसुरीचा लाइल कॉर्ड्रे. सामना झाला की जाहीर करणार. तोवर कुणाजवळ बोलायचं नाही."

"पण तुम्ही तर एकामागून एक जिंकताय!"

"तेच म्हणालो मी. बॉमन म्हणाले, म्हणून तर तो यायला तयार झाला. हरणाऱ्या संघाकडे तो ढुंकूनही बघत नव्हता."

मला हसू आलं, आणि मग रडू आलं. हार्लन समोरच्या काचेतून गाड्या बघत होता.

"पीटला सांग," मी म्हटलं.

"सांगितलं तर पोरांपर्यंत जाईल. पोरांपर्यंत गेलं तर शनिवारी कोणी मन लावून खेळणार नाही. वरच्या वर्गातल्या पोरांचा शेवटचा सामना आहे, व्हर्ना."

त्याच संध्याकाळी पीटच्या बायकोनं आम्हाला बोलावलं. जुळ्यांच्या खोलीला तिनं पिवळा कागद लावला होता, बदकांचा. "इथं दोन पाळणे, आणि मोठी झाली की इथं दोन खाटा," ती दाखवत होती. मी म्हटलं, छान आहे. हार्लन म्हणाला, बदकं छान आहेत. दुसरं आम्ही काय म्हणणार होतो!

शनिवारी बर्फ पडत होता. स्टँडच्या अगदी टोकाला, एकटा, टोपी खाली ओढून रॉय बसलेला मला दिसला. काढल्यापासून तो पहिल्यांदाच मैदानावर आला होता.

आम्ही थोडे पुढे होतो. उत्तरार्धात टेरेलवर तिघं एकदम पडले, आणि तो उठला तो खांदा धरून. सगळ्या मैदानाची मान क्लेटनकडे वळली. पुढचं मला हार्लननं नंतर सांगितलं. त्यानं क्लेच्या हेल्मेटचा पट्टा ओढला, तेव्हा मुलाचे ओठ पांढरे पडले होते.

"अंकल, नका पाठवू मला."

कितीतरी दिवसांनी त्यानं अंकल म्हटलं होतं.

"दुसरं कोणी नाही, बेटा. फेकायचं नाही. चेंडू फक्त पळणाऱ्याच्या हातात द्यायचा. बस."

"मला जमणार नाही."

"जमेल तेवढं कर."

आणि त्यानं त्याला ढकललं. तो ढकलणारा हात हार्लन पुढे बरेच दिवस बघायचा.

क्लेनं सांगितलं तसं केलं. चेंडू द्यायचा, बाजूला व्हायचं. पण समोरच्यांनाही कळलं की हा फेकणार नाही, आणि ते सगळे पळणाऱ्यावरच तुटून पडायला लागले. हळूहळू त्यांनी आम्हाला गाठलं आणि थोड्या गुणांनी मागे टाकलं. शेवटी घड्याळात थोडाच वेळ होता. हार्लननं पुन्हा पळायचीच खूण केली. क्लेनं चेंडू घेतला, आणि पळणाऱ्याला न देता मागे सरकला. पाय चिकटले नाहीत त्याचे. हात मागे नेऊन त्यानं इतका लांब फेकला की आमच्या रांगेतले लोक श्वास घ्यायचे थांबले. चेंडू पकडणाऱ्या पोराच्या दोन्ही हातांवर अगदी नीट पडला. आणि गार पडलेल्या बोटांतून निसटला.

हरलो आम्ही. आणि इतके आठवडे मी जे मागत होते ते मिळालं, तर मी पायऱ्या उतरून कठड्यापाशी गेले.

रॉय बर्फातून चालत मैदानात आला. आधी मुलाजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. मग हार्लनकडे आला. मी कठड्यापाशी होते.

"पळायला सांगितलं होतंस ना त्याला?"

"हो."

"मी फेकायला सांगितलं असतं."

"माहीत आहे."

"आणि तेव्हाही हरलोच असतो," रॉय म्हणाला. हात पुढे केला नाही त्यानं, पण लगेच गेलाही नाही. दोघं खांद्यावर बर्फ घेऊन तसेच उभे राहिले. मग रेडिओचा वार्ताहर माइक घेऊन धावत आला आणि सगळ्यांदेखत विचारता झाला, "कॉर्ड्रेच्या नेमणुकीबद्दल काय वाटतं?"

पीट तिथंच होता. "कोण कॉर्ड्रे?" त्यानं विचारलं. मग हार्लनच्या तोंडाकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"बुधवारी माझ्या घरी आलास तेव्हाही?"

हार्लननं होकारार्थी मान हलवली. पीटनं गळ्यातली शिट्टी काढली, बर्फात टाकली आणि चालू लागला. जुळी लिंकन शहरात जन्मली, पीट तिथं विमा विकतो असं कानावर आलं. आम्ही पाठवलेल्या लोकरीच्या टोप्यांची पोचही आली नाही.

कॉर्ड्रेनं सगळ्या मदतनिसांना काढलं, एक हार्लन सोडून. पोरांना ओळखणारा एक तरी जुना माणूस हवा म्हणाला, वर्षभरासाठी. हार्लनला नाही म्हणायचं होतं. त्यानं ओळखीच्या सगळ्या कॉलेजांत फोन केले. दुखऱ्या गुडघ्यांचा, साठीला टेकलेला बचावफळीचा कोच कुणालाच नको होता. तेव्हा जानेवारीत तो त्याच मैदानावर, त्याच ऑफिसात, खिडकीपासून लांबच्या टेबलावर जाऊन बसला. पाट्या लावणारे लोक आता दवाखान्यात कॉर्ड्रेचं कौतुक करतात.

टेगलंड उन्हाळ्यात कॅन्ससला गेले. नोरीनच्या आईला पुरलं तो आठवडाही संपला नव्हता. रॉयला तिथल्या शाळेत काम मिळालं. जाताना नोरीननं मला मिठी मारली, पण घट्ट नाही. क्लेनं फुटबॉल सोडला. तो इथंच वसतिगृहात राहून शेतीचं शिकतोय, आणि रस्त्यात भेटला की थांबून बोलतो, मला काय म्हणावं हे टाळत.

काल हार्लन सरावावरून आला. कॉर्ड्रेनं आपल्याबरोबर आणलेला क्वार्टरबॅक त्याच्या मेहुण्याचा मुलगा आहे. टेरेल बाकावर असतो.

"कसा आहे हा?" मी विचारलं.

"सरावात चांगला फेकतो."

"आणि टेरेल?"

"टेरेल चांगला आहे."

"मग कॉर्ड्रेला सांगणार आहेस?"

हार्लन बूट काढत होता. एक काढून झाला, दुसऱ्याची नाडी हातात धरून तो थांबला.

"त्यानं विचारलं तर," तो म्हणाला.

"आणि नाही विचारलं तर?"

"जेवायला काय आहे?" त्यानं विचारलं, आणि मी ताटं मांडायला घेतली.