गिरमिट आणि मरणपहारा

लाकडी सामान दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेल्या दादाला आता उठून बसायलाही बायकोचा हात लागत होता. धाकटी बहीण रोज दुपारी आपलं काम घेऊन त्याच्या उशाशी बसायची. घरात तिला सगळे चिमणीच म्हणत. भुंगेऱ्यांवरच्या एका पुस्तकाचं ती भाषांतर करत होती आणि नावांनी तिला मेटाकुटीला आणलं होतं. इंग्रजांचं लेडीबर्ड, म्हणजे बाईपाखरू, फ्रेंचांकडे गेलं की देवबाप्पाचा जीव! किडा एकच, बारशी दोन.

एके दुपारी पलंगाच्या लाकडातून टकटक ऐकू आली.

"चिमणे, हा कोण गं?"

तिनं आवाज ओळखला. इंग्रजी नाव ओठांवर आलं, ते तिनं गिळलं. "भुंगेरा आहे. लाकडाला भोकं पाडतो, म्हणून फ्रेंच लोक त्याला गिरमिट म्हणतात."

"म्हणजे आमच्याच धंद्यातला की!" दादा कितीतरी दिवसांनी हसला. "आणि इंग्रजीत?"

"तेच."

मग दादा त्या आवाजाशी बोलायलाच लागला. "चला कारागीर, हात चालवा!" वहिनीला मात्र पलंगाखालचा भुसा बघवेना. तिनं कीडनाशकवाल्याला बोलावलं. त्यानं लाकडाला कान लावला आणि सहज बोलून गेला, "हा तर डेथवॉच, मरणपहारा! इंग्रजीत हेच नाव आहे याचं. आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यांना ऐकू यायचा म्हणून." पलंगावर कोण आहे ते ध्यानात आल्यावर त्यानं जीभ चावली, पण बोलणं होऊन गेलं होतं.

तो गेल्यावर दादा म्हणाला, "तू तर म्हणालीस, तेच."

"दादा, तो डोकं आपटून जोडीदाराला हाक मारतो रे. मरणाशी त्याचा काही संबंध नाही."

"मग हे तेव्हाच सांगायचंस. मी मानलं असतं." मग त्यानं विचारलं, "डॉक्टरांचे इंग्रजी रिपोर्टही तूच वाचून दाखवलेस ना? तिथंही तेच?"

चिमणीनं नजर खाली वळवून मांडीवरचं पुस्तक मिटलं. दादानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर तो तिच्यावर चिडला नाही की रागावला नाही. फक्त तिला काही विचारेनासा झाला. ती यायची, उशी सारखी करायची, तो "बरंय" म्हणायचा. शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "पाणी देऊ?"

"तुझ्या वहिनीला हाक मार," दादा म्हणाला.