भर दुपारी लावलेला कंदील

खट्. जरा थांबून पुन्हा खट्.

मला आठवतो तो पहिला आवाज हा. दुकानातून मला कागदात गुंडाळून आणलं होतं, त्यामुळे दिसत काही नव्हतं. कागद सुटला तेव्हा समोर गोदामाचं भलंमोठं दार होतं आणि एक तरुण पहारेकरी त्याचं कुलूप ओढून बघत होता. एकदा ओढलं, लागलेलं होतं. तरी पुन्हा ओढलं. याचा कशावरच विश्वास नाही, हे मी तेव्हाच ओळखलं. म्हटलं, आपलं जमणार.

मी कंदील बोलतोय. साधा, पत्र्याचा, कडीपाशी थोडा गंजलेला. शिकलेला मी नाही. जेवढं माझ्या उजेडात आलं तेवढंच मला ठाऊक. बाकी सगळा अंधार, आणि अंधाराचा मला संशय येतो. काय करणार, पोटापाण्याचा धंदाच तो. गोदामात मांजर शिरलं तरी मी त्याला आधी चोर धरायचो, मग मांजर.

माझी कडी धरून गस्त घालता घालता तो पहारेकरी म्हातारा झाला. रात्रभर आम्ही जागायचो. उजाडलं की तो घरी जाऊन पडदे ओढून झोपायचा आणि मी विझून खुंटीवर. दिवस कसा असतो ते आम्ही दोघांनी कधी नीट पाहिलंच नाही.

काम सुटलं तेव्हा त्याने साहेबांकडे मला मागून घेतलं. घरी मुलगा होता, सून होती आणि नुकताच धावायला लागलेला नातू. मुलाने माझी वात काढून आत विजेचा छोटा दिवा बसवला. दात काढल्यासारखं वाटलं मला. मग नातवाच्या खोलीत, त्याच्या छोट्या पलंगाशेजारी माझी नेमणूक झाली.

आणि तिथेच माझा संशय जागा झाला.

पोरगं दिवेलागणीला झोपायचं आणि मध्यरात्री टक्क उठून बसायचं. ते थेट पहाटेपर्यंत. रडलं असतं तर समजलं असतं. पण हे पलंगाचा कठडा धरून हसायचं, माझ्याशी गप्पा मारायचं. अशा वेळी हसतमुख माणूस दिसला की तो हमखास काहीतरी लपवत असतो, असा माझा अनुभव.

आई उठून यायची. दूध द्यायची, गोष्ट सांगायची, बसल्या बसल्या पेंगायची. कपडे शिवायच्या कारखान्यात ती मशीनवर बसायची, सकाळी लवकर निघायची. बाप यायचा, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायचा. पोर काही झोपायचं नाही. मग म्हातारा यायचा, लग्नाला आल्यासारखा ताजातवाना.

"काय जमादार, जागे का?"

"आबा, कुलू!" पोर हात पसरायचं.

एका हातात पोर, दुसऱ्या हातात मी. घरभर गस्त. पुढचं दार, मागचं दार, कपाट. प्रत्येक कुलूप आबा दोनदा ओढायचे आणि तिसऱ्यांदा पोर ओढायचं.

"आबा, खेळवू नका हो त्याला, झोपवा," आतून सून ओरडायची.

"मी कुठे खेळवतोय? ड्यूटी चाललीय आमची."

मी एकेकावर नजर ठेवली. रस्त्यावरच्या दिव्यावर तर पहिल्यापासूनच, कारण तो खिडकीतून आत डोकवायचा आणि माझ्या कामात नाक खुपसायचा. दुधाचा संशय घेतला. नव्या दाढेचा घेतला. शेजारी उशिरापर्यंत रेडिओ लावणाऱ्या काकांचा घेतला. एका माणसाचा मात्र माझ्या मनातही आला नाही. ज्याच्या हातात आपली कडी, त्याच्यावर उजेड कमीच पडतो.

सुनेला मात्र त्याचाच आला. ती आणि नवरा कामावर गेले की दिवसभर पोर आबांकडेच असायचं.

"दिवसा कसा असतो हो हा?" ती आबांना विचारायची.

"गुणी आहे. काही त्रास नाही."

एका रात्री पोराला थोपटता थोपटता ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "इतका कसा गुणी? आबा त्याला काहीतरी पाजतात."

"काय पाजतात?"

"मला काय माहीत! उशाशी औषधाची बाटली असते. कोणाला हात लावू देत नाहीत."

"अगं, माझे वडील आहेत ते."

"म्हणून तर तुला विचारतेय. दुसऱ्या कोणाचे असते तर सरळ बाटली उचलली असती."

त्याने पोराचं पांघरूण सारखं केलं. मग ती म्हणाली, "पाळणाघरात जागा आहे. उद्या हो म्हणून सांगणार आहे मी."

माझी काच थंड पडली. त्या पोराशिवाय म्हाताऱ्याला दिवसभर होतं कोण? आणि तरी, खरं सांगतो, माझ्याही मनात आलं, बाटलीत असेल तरी काय?

दुसऱ्या दिवशी माझी वायर ढिली झाली म्हणून आबांनी मला बाहेरच्या खोलीत नेलं, पेचकस फिरवला आणि लावलं. मी पाहिलं तर काळोख. पडदे घट्ट ओढलेले. कानटोपी घालून आबा आडवे झालेले, आणि त्यांच्या कुशीत पोर.

"जमादार, रात्री ड्यूटी आहे. आता गाढ झोपायचं. हूं की चूं नाही."

दोघेही घोरायला लागले. मी मुकाट पहारा करू लागलो. एवढ्यात बाहेर शाळेतल्या मुलांचा गलका झाला, मधल्या सुट्टीचा. मी चक्रावलो. रात्रीची कसली शाळा? आणि मग पडद्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ माझ्या काचेवर पडली.

दार उघडलं. सून उभी होती, बोटाला पट्टी बांधलेली. मशीनवर डुलकी लागली आणि सुई बोटात गेली होती, म्हणून घरी पाठवलेलं. भर दुपारी पेटलेल्या माझ्याकडे तिने पाहिलं, पुढे येऊन उशाजवळची बाटली उचलली आणि हुंगली.

आबा धडपडून उठले. "कोण आहे? अगं, तू! ते तेल आहे. डोक्याला लावायचं."

"मग लपवता कशाला?"

"केस काळे होतात म्हणे त्याने. हसशील म्हणून..."

ती हसली नाही. तिने पडदे पाहिले, कानटोपी पाहिली, गाढ झोपलेलं पोर पाहिलं. "रोज असंच झोपता तुम्ही दोघं?"

"अख्खी दुपार. का? रात्री जागायचं तर दिवसा झोपायला नको?"

तिने पडदा बाजूला सारला. "आबा, पोराला रात्रपाळीला लावलंत तुम्ही!"

आबांनी तिच्या पट्टीचं विचारून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या बोटात सुई माझ्यामुळेच गेली म्हणायची."

"पाळणाघराला आज हो म्हणणार होते मी."

"नको म्हणू. मी दिवसपाळी करतो."

"जमेल?"

"गोदाम सांभाळलं मी. एवढं पोरगं नाही सांभाळणार?"

"पोराचं नाही विचारत. तुमच्या झोपेचं विचारतेय."

तेव्हापासून पडदे उघडे. जेवणानंतर पोराची एक छोटी झोप, मग उठवायचं म्हणजे उठवायचंच. बाहेर फिरवायचं, दमवायचं. आबा पेंगले की पोर त्यांच्या नाकात बोट घालतं, असं ऐकतो. रात्री निजवतात पूर्वीपेक्षा उशिरा. आणि मध्येच उठलं तर दूध नाही, गोष्ट नाही, गस्त नाही. जो जाईल त्याने पाठीवर हात ठेवायचा आणि बोलायचं नाही, हा सुनेचा हुकूम. माझ्यावर जाड फडकं आलं. त्याचाही मी संशय घेतला. मला कायमचं विझवायचा डाव असावा.

पोराचं जागणं हळूहळू आखूड होत गेलं. काल रात्री पुन्हा उठलं.

"आबा, कुलू."

आबा आले. जांभई देत आले, हे मी प्रथमच पाहिलं. एक हात त्यांनी पोराच्या पाठीवर ठेवला. दुसरा माझ्याकडे आला. त्या हाताची सवय माझ्या कडीला जन्माची. मला वाटलं, चला, निघालो गस्तीला.

हात फडक्यावर थांबला. सरकलेलं फडकं त्याने नीट केलं.

"कुलू," पोर पुन्हा म्हणालं, जरा हळू.

आबांनी ओठ मिटून घेतले. पोराचे डोळे अर्धे उघडे होते, माझ्यासारखेच. आता आबांकडे मला एवढंच मागायचं आहे, की मला गस्तीला नेलं नाहीत तरी चालेल, पण या खोलीतून हलवू नका. फडक्याखालून का होईना, पोरावर माझा थोडा उजेड पडू दे.

कोणी जागं असताना पहारेकरी आपली जागा कधी सोडत नाही. मी वाट पाहिली. निदान "येतो हं जमादार" एवढं तरी म्हणतील.

आबा उठले. दाराशी गेले. सवयीने ओढून बघायला दाराच्या कडीकडे हात गेला, तो त्यांनी मागे घेतला. दार तसंच अर्धवट लोटून, काही न बोलता, ते झोपायला निघून गेले.