बुंबूची अंडी

गुडघे टेकले की भाविक माणसाच्या तोंडी देवाचं नाव येतं. त्या सकाळी अकानिसीच्या तोंडी आलं ते फक्त "आई गं." सूर्य अजून माडांच्या वर आला नव्हता, तरी वाळू तव्यासारखी तापायला लागली होती. तिने घरट्यावर रचलेल्या झावळ्या बाजूला केल्या, तळहात वाळूवर ठेवला आणि डोळे मिटून वाट पाहिली. खाली काही हलत नव्हतं. काल हललं नव्हतं, परवाही नाही. ती उठली, झावळ्या पुन्हा रचल्या आणि चर्चमधून आल्यापासून तशाच गळ्यात राहिलेल्या रुमालाने तोंड पुसलं. एवढ्या कामानेसुद्धा तिला दम लागला होता.

वुनिंदिलो या बेटावरच्या गावाच्या किनाऱ्यावर एके काळी हंगामात कासविणींची रीघ लागायची. आता एकच यायची. चोचदार तोंडाची, पाठीच्या कवचाला उजवीकडे खोल खाच पडलेली, थकलेली. गाव तिला बुंबू म्हणायचं, म्हणजे आजी. रात्री वाळूवर यायची, खड्डा उकरायची, अंडी घालायची, धापा टाकत परत जायची. गेल्या तीन हंगामांत तिच्या एकाही घरट्यातून पिल्लू वर आलं नव्हतं. कासवाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतंच, ओल्या चामड्यासारखं असतं. पण बुंबूचं अंडं चामड्यासारखंही राहिलं नव्हतं. या खेपेला अकानिसी तिच्यामागे पोटावर पडून बघत होती, तेव्हा वरून पडणाऱ्या अंड्यांच्या भारानेच खालची दोन फुटली.

राजधानीतून, सुव्याहून, कासवांच्या खात्यातली एक मुलगी अधूनमधून यायची. तिने समजावलं होतं, "नेई, या कवचाची कामं दोन. आतलं पाणी राखायचं आणि आतल्या जिवाला श्वास द्यायचा. पातळ झालं की तापल्या वाळूत अंडं सुकून जातं. म्हातारीचं वय झालंय, आणि मोठ्या वादळात ती चरायची तो पोवळ्यांचा खडक मेला. आईचं खाणं आटलं तर कवच कुठून यायचं?"

नेई म्हणजे आत्या, मावशी, काय हवं ते. अकानिसीला ते पटलं होतं. तिने स्वतः पाच मुलं वाढवली होती, त्यात दोन दुष्काळी वर्षं होती.

हे सगळं नेहमीचंच दुखणं झालं असतं, पण गावचे सरदार रातू सेवनाया वारले. सरदार गेला की समोरचा समुद्र शंभर रात्री बंद ठेवायचा, कोणी गळ टाकायचा नाही, आणि शंभराव्या दिवशी पहाटे जाळं टाकून तो उघडायचा, रात्री मोठं जेवण घालायचं, ही तिथली रीत. आणि सरदाराच्या जेवणात कासव हवंच. बाकी ताटात कितीही वाढलं तरी कासवाविना ते सरदाराचं जेवण होत नाही.

जेवणाचा सगळा भार रातूंच्या धाकट्या भावावर, इनोकेवर. तो आणि अकानिसी आते-मामे भावंडं. आते-मामे भावंडांनी एकमेकांची टर उडवायची आणि कोणी रागवायचं नाही, हेही त्या मुलखात रीतीतच बसतं. बुंबूने ते घरटं घातलं त्याच आठवड्यात, यंगोना या मुळीच्या पेयाच्या लाकडी परातीभोवती सगळे बसले असताना, इनोकेने विषय काढला.

"अकानिसी, तुझी ती म्हातारी खड्डा करते आणि त्यात नासकी पुरून जाते. यापेक्षा रातूच्या कामी आली तर तिचंही सोनं होईल."

"तू तरी आजवर काय उबवलंस? एका जागी बसून बसून चटईला भोक पाडलंस तेवढं."

सगळे हसले. इनोकेही हसला, आणि मग हसायचा थांबला. "थट्टा सोड. माझ्या बापाच्या शंभराव्या रात्री चार कासवं होती. मी भावाला रिकाम्या हाताने निरोप देऊ?"

"सरकारची बंदी आहे."

"सरकार सुव्यात बसतं. भाऊ माझा इथे निजलाय." त्याने वाटी रिकामी करून रीतीप्रमाणे टाळी वाजवली. "ऐक. या घरट्यातून पिल्लं आपणहून वर आली, समुद्राला लागली, तर तुझ्या आजीला कोणी हात लावणार नाही. सगळ्यांसमोर सांगतो. नाही आली, तर ती वांझ आहे असं धरायचं आणि जाळं टाकायचं. मग तू रडायचं नाही."

"रडायला वेळ कुणाला आहे," अकानिसी म्हणाली. पण तिचा जीव तेव्हापासून टांगणीला लागला तो लागलाच.

आता जेवण उद्यावर आलं होतं. उद्या पहाटेच्या भरतीला जाळं पडणार होतं. बुंबू अजून समोरच्याच खडकांत होती, पुढच्या खेपेच्या अंड्यांनी जड झालेली. तिला धरायला कौशल्य लागणार नव्हतं, नुसती माणसं लागणार होती. मांडवाचे बांबू उभे राहिले होते, शेजारच्या गावांतून चटया आणि अळूकांद्यांचे भारे येत होते, आणि वडाच्या मुळांशी चार म्हातारे जाळ्याची भोकं सांधत बसले होते. अकानिसीला चर्चमधल्या म्हाताऱ्या बायकांच्या गाण्याच्या तालमीलाही जायचं होतं. त्या बायका जमिनीवर बसून पवित्र ग्रंथातली एखादी गोष्ट गाऊन सांगतात. प्रवचनच ते, पण सुरात. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती झेलायची, आणि झेलता झेलता ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणायचा. उचलणारी अकानिसी होती. या आठवड्यात तिचा आवाज ओळीच्या अर्ध्यातच बसत होता.

दुपार कलल्यावर तिला शोधत मेरेवाई आली. तीही त्या गाणाऱ्यांतली, अकानिसीपेक्षा मोठी, जिभेने तिखट.

"बायका ताटकळल्यात. तू इथे वाळूशी काय बोलतेस?"

"दिवस कधीच भरून गेलेत, मेरेवाई. आज उघडते."

"उघड की मग! इतके दिवस कुणी हात धरला होता?"

"मध्येच उकरलं तर होणारं असतं तेही जातं. उघडायचं ते सगळं संपल्यावर. नुसतं काय झालं ते बघायला." हे बोलताना तिला स्वतःचाच आवाज प्रेतयात्रेतल्यासारखा वाटला.

दोघी हातांनी उकरू लागल्या. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा वास आला, आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. वरचा थर चेपलेला, खडूसारखा पांढरा, काही अंड्यांवर गुलाबी बुरशी. अकानिसी एकेक अंडं काढून चटईवर ठेवत गेली. ज्यात काही धरलंच नव्हतं ती एकीकडे. ज्यात पिल्लू होऊन आतच मेलं होतं ती दुसरीकडे. कवच बोटांत धरलं की पलीकडचं बोट दिसावं इतकं पातळ.  मेरेवाई नुसती अंडी घेत होती आणि ठेवत होती.

"पुरे," ती शेवटी म्हणाली. "देवाने नाही म्हटलं की नाही."

"तळ बघू दे."

तळाशी वाळू ओलसर होती. सुकलेल्या अंड्यांचा एक थर एकमेकांना चिकटून झाकणासारखा बसला होता. तो अकानिसीने हलक्या हाताने उचलला, आणि खालून तिच्या करंगळीला कुणीतरी ढकललं.

ती तशीच थांबली. पुन्हा ढकललं.

पिल्लं नऊ निघाली. काळपट, वाळूने माखलेली, हातपाय पोटाशी दुमडलेली. त्यांतली दोन इतकी मंद की मेरेवाई त्यांच्यावर फुंकर घालत राहिली.

"अगं, जिवंत आहेत! मग वर का नाही आली?"

"नऊच आहेत ना. शंभरभर असली की सगळी एकदम चुळबुळतात, वरची वाळू खाली सांडते, पायाखाली साचते, आणि सगळी मिळून वर चढतात. एकटंदुकटं पिल्लू हात मारून मारून तिथेच थकून मरतं." तिने बोट ओलं करून एकाच्या डोळ्यावरची वाळू पुसली. "कवच फोडून बाहेर आली, ती किती दिवस इथे खाली झुंजत असतील देव जाणे. आणि मी वर हात ठेवून बसले होते."

मेरेवाईने झटकन मागे वळून पाहिलं. झाडाखालचे म्हातारे जाळ्यात मान घालून होते. "ऐक माझं. आत्ता वाळू लोट, पिल्लं वर ठेव, आणि हाका मार. आपणहून आली म्हण. कुणी पाहिलंय?"

अकानिसीच्या मनात आलं नाही असं नाही. समोर खडकात ती म्हातारी पोटात अंडी घेऊन पडली होती, आणि तिचा जीव या एका वाक्यावर होता. एवढंसं वाक्य. पण आज तालमीत बसून देवाची गोष्ट ज्या तोंडाने उचलायची, त्याच तोंडाने हे कसं उचलायचं, हेही तिला कळेना. तिला खूप थकवा आला. खोटं बोलायलासुद्धा बळ लागतं.

तेवढ्यात इनोके स्वतःच उतारावरून लंगडत खाली येताना दिसला. मेरेवाईने तिच्या मांडीला चिमटा काढला.

"काय गं, शेवटी नासकीच ना?" तो लांबूनच म्हणाला, आणि चटईवर नजर पडताच थबकला. पिल्लं रांगत होती. "आली? ही आली वर?"

मेरेवाईने तोंड उघडलं. अकानिसी आधी बोलली.

"नाही आली. मी उकरून काढली. तळाशी अडकली होती."

इनोकेची नजर पिल्लांवरच होती. "मी 'आपणहून' म्हटलं होतं."

"हो."

"सगळ्यांसमोर म्हटलं होतं."

"मी तिथेच होते, इनोके."

"मग हरलीस तू."

"हरले," अकानिसी म्हणाली. "आता बाजूला हो, उन्हात तुझी सावली नको तेव्हा पडते आणि हवी तेव्हा सरकते. यांना पाण्याकडे न्यायचंय."

तो सरकला नाही. खाली बसला, गुडघा कुरकुरला, आणि त्याने एक पिल्लू तळहातावर घेतलं. ते त्याच्या मनगटाकडे ढकलत चालू लागलं. "एवढंसं आहे आणि रेटा बघ," तो पुटपुटला. मग पिल्लाकडेच बघत म्हणाला, "मी पायाळू. तुला माहीत आहे ना?"

"सगळ्या गावाला माहीत आहे. अजून उलटाच चालतोस."

"आई सांगायची, दोन दिवस अडलो होतो. सुईणीने कोपरापर्यंत हात घालून ओढला तेव्हा आलो. आपणहून काही आलो नाही." त्याने पिल्लू चटईवर ठेवलं. "पण म्हणून मला कुणी मेलेल्यात धरलं नाही. आईलाही कुणी वांझ म्हटलं नाही."

 मेरेवाईने डोळ्यांना रुमाल लावला आणि वाळू गेली असं म्हणाली.

"पाहुणे हसतील तुला," अकानिसी म्हणाली.

"हसतील. म्हणतील, बापाला चार आणि भावाला एक नाही." त्याने सुस्कारा सोडला. "माझा काळा बैल कापावा लागेल. नांगराचा आहे. आणि म्हाताऱ्यांना खरं कारण सांगावं लागेल, खोटं मला टिकवता येत नाही. चर्चमध्ये त्यांच्यासाठी दोन ओळी जास्त गा, म्हणजे मला शिव्या कमी बसतील."

तो उठला आणि चढ चढू लागला.

दोघींनी पिल्लं भरतीच्या रेषेपाशी ठेवली. सात सरळ गेली. आठवं दोनदा उलटं पडलं, मग लाटेने नेलं. नववं हललं नाही; अकानिसीने ते हातात घेतलं, पाण्यात धरलं, आणि कितीतरी वेळाने तिच्या बोटांतून सुटल्यासारखं ते निघून गेलं. जगेल की नाही, तिला ठाऊक नव्हतं. पाण्याबाहेर येताना तिला वाटलं, आता आनंद व्हायला हवा. पण आनंद व्हायलाही अंगात थोडं बळ लागतं. तिने मनातल्या मनात हात जोडले आणि देवाला म्हणाली, उद्या होईन मी आनंदी, आज एवढंच घे.

मेरेवाई तालमीला गेली. अकानिसी चटईपाशी परत आली, फाटकी कवचं सुव्याच्या मुलीसाठी पिशवीत भरू लागली आणि उरलेली अंडी खड्ड्यात टाकून वाळू लोटू लागली. वर झाडाखाली इनोके म्हाताऱ्यांसमोर बसला होता. त्याचे शब्द ऐकू येत नव्हते, हात दिसत होते. एक म्हातारा मोठ्याने हसला. दुसरा उठून चालता झाला. इनोके मान खाली घालून बसून राहिला. मग उरलेल्यांपैकी दोघे सावकाश उठले आणि जाळ्याची घडी घालू लागले. जाळं लांब होतं आणि दोघांना ते आवरेना, म्हणून इनोके उठला, त्याने मधली बाजू धरली, आणि तिघे मिळून ते घराकडे घेऊन गेले.