साडूचा पुढचा डाव

दुसऱ्याच्या चुका काढण्यात माझ्या साडूचा हात कोणी धरणार नाही. ऑनलाइन पोकरमध्ये समोरचा माणूस दिसत नाही, नुसतं टोपणनाव दिसतं, तरी सगळ्यांची अंडीपिल्ली याला ठाऊक. 'बोका' म्हणून एक आहे. तो थाप मारताना उगाच विचार केल्यासारखा वेळ काढतो आणि खरंच चांगली पानं आली की झटक्यात चिप्स लावतो. साडू त्याला दर रविवारी सोलून काढतो.

स्वतःची चूक मात्र शंभरदा सांगा, हा ढिम्म हलत नाही. एक डाव हरला की याचं डोकं फिरतं आणि पुढच्या डावाला काहीही पानं येवोत, हा सगळं लावून मोकळा. मग घरच्यांवर खेकसतो. मागच्या रविवारी फोनवर आमच्या सासूबाई सापडल्या. त्या बिचाऱ्या तब्येत विचारत होत्या.

शेवटी मेव्हणीनं अट घातली. "हरलास की पुढचा डाव पानं न बघता सोडायचा. भाऊजी शेजारी बसतील. एकदा जरी मोडलंस तर खातं बंद, माझ्या हातानं."

साडू कबूल झाला. आठवडाभर लिफ्टच्या खड्ड्यात वाकून काम करणाऱ्या या माणसाला दुसरा नाद नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आणि सुट्टीच्या दुपारी मी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर पंजा ठेवायला बसलो. माझ्या नशिबी हेच यायचं राहिलं होतं.

दोनदा हरला. दोन्ही वेळा मी त्याची पानं झाकली आणि त्यानं दातओठ खात 'फोल्ड' दाबून डाव सोडला. चला, सुधारतोय, असं मला वाटलं.

मग बोक्यानं शेवटच्या पानावर नशिबानं त्याला हरवलं.

"असल्या पानांवर कोण थांबतं?" साडू लालेलाल झाला.

"तो थांबतो आणि जिंकतो. सोड आता."

नवी पानं आली. मी पंजा ठेवला. बोक्यानं क्षणाचाही वेळ न घेता सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

"हा मुद्दाम करतोय. हरल्यावर मी काय करतो, हे त्याला माहितीये."

"माहितीये ना? मग ते करू नकोस."

माझा पंजा तिथेच होता आणि यानं 'कॉल' दाबून आपल्याही सगळ्या चिप्स लावल्या.

मी हात काढला. बोक्याकडे दोन राण्या, साडूकडे दोन एक्के. पुढची पाचही पानं निरुपयोगी निघाली आणि बोका साफ झाला. साडू खुर्चीवरून उठून नाचायलाच लागला. मेव्हणी हात पुसत बाहेर आली.

"एक्के होते. एक्के कोण सोडतं?" तो म्हणाला.

"पानं बघून खेळलास?"

साडूनं माझ्याकडे पाहिलं. 'बघितली होती' असं त्याच्यासाठी खोटं बोलायला मी तोंड उघडलंही होतं. चीड मला आली होती ती साडूची, बोक्याची नव्हे. बोका मूर्ख नव्हताच, हा चिडून येणार हे त्यानं अचूक ओळखलं होतं. त्याला फक्त एक्के दिसले नव्हते. ते आम्हालाही दिसले नव्हते.

"नव्हती बघितली," साडूच म्हणाला. जिंकलेल्या चिप्स पडद्यावर तशाच होत्या. त्यानं लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

"पासवर्ड सांग," ती म्हणाली.

त्यानं एकेक अक्षर सांगितलं.