स्वेटरचा वास

आमचा संशोधक त्या संध्याकाळी प्रयोगशाळेतून घरी आला तो हवेत तरंगतच. का तरंगू नये? पॅलेडियम या धातूचे कण भारी हावरे. समोर आलेल्या रेणूला सापडेल तिथे धरायचं आणि नको ते पदार्थ बनवून ठेवायचे. याने त्या कणांवर गंधकवाल्या रेणूंचा दाट थर चढवला, तेव्हा कुठे ते वळणावर आले आणि हवा तोच पदार्थ मिळाला. त्या आनंदात त्याच घाण वासाच्या रेणूंच्या बाटलीतला एक थेंब स्वेटरच्या बाहीवर उडाला, हे या शहाण्याच्या गावीही नव्हतं. दिवसभर नाक त्याच घाणीत; कळणार काय, कपाळ!

गळती कळावी म्हणून स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळतात तो वासही याच जातीचा. थोड्याच वेळात शेजारीण किंचाळली, "गॅस गळतोय!" आणि बघता बघता सगळी इमारत रस्त्यावर.

बायको आपल्या आईकडे वळली. "आई, पुन्हा शेगडी चालू ठेवलीस ना?"

सासूबाई लेक-जावयाकडेच राहत. मागे एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बटण बंद करायला त्या विसरल्या होत्या. पुन्हा असं झालं तर तुझं स्वयंपाकघर बंद, असं लेकीने तेव्हाच बजावलं होतं. आणि त्या घरात स्वयंपाकघराखेरीज त्यांचं होतं तरी काय?

अग्निशमन दलाचा जवान हुंगत हुंगत संशोधकापाशी थबकला. "इथे बाहेर वास कसा येतोय?" असं पुटपुटत तो आत गेला. संशोधकाने बाही नाकाशी नेली, तर वास तिथूनच येत होता. एक वाक्य बोलायचं होतं हो, एकच! पण अनवाणी उभ्या शेजाऱ्यांसमोर त्याची दातखीळ बसली. त्याने गुपचूप स्वेटर काढून गाडीच्या डिकीत कोंबला.

"ठेवली असेन गं," सासूबाई म्हणाल्या. "मला आठवतच नाही."

जवानांनी घरोघरचे सिलिंडर बंद करून सगळ्यांना वर सोडल्यावर सासूबाईंनी गॅसचा लायटर मुकाट्याने लेकीच्या हातात दिला. तेव्हा मात्र त्याला राहवेना.

"आई, तुमची काही चूक नाही. वास माझ्या स्वेटरचा होता. प्रयोगशाळेतला."

"मग खाली का नाही बोललास?" बायकोने विचारलं.

"लाज वाटली."

तो धावत जाऊन स्वेटर घेऊन आला. बायकोने हुंगला. "अरे, आज सगळ्यांच्याच कपड्यांना हा वास येतोय."

"जावईबापू, माझ्यासाठी खोटं नका बोलू," सासूबाईंचे डोळे भरून आले. "पोटचा मुलगासुद्धा एवढं करत नाही हो."

"आई, खरंच सांगतोय..."

"कळलं मला," म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि बायकोने लायटर आईचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवून दिला.