वाचलेल्या अंगठ्याची किंमत

मी एक जुनी करवत आहे, मित्रांनो. टेबलात बसवलेली, विजेवर फिरणारी. जुनी म्हणते खरी, पण वय अवघं सहा वर्षांचं. कोपऱ्यात बसून बसून म्हातारी झाले.

दुकानात माझ्या शेजारी माझ्यासारखीच दुसरी करवत होती, निम्म्या किमतीची. फरक एवढाच, की माझ्या पोटात ब्रेक होता. फिरत्या पात्याला माणसाची कातडी लागली, की पापणी लवायच्या आत तो पात्यात रुतायचा आणि पातं जागच्या जागी थांबायचं. करवत घ्यायला आलेल्या सुतार मिस्त्रीचा हात स्वस्तातलीकडे गेला. त्याची बायको त्याच्याच बरोबरीनं काम करायची. ती म्हणाली, "बोटं कुठल्या दुकानात मिळतात, तेवढं आधी विचारून घ्या." मिस्त्री हसला, आणि मी घरी आले.

तीन वर्षं मी दारं, कपाटं, पाळणे, शाळेची बाकं यांच्यासाठी लाकूड कापलं. मग एका दुपारी फळी उसळली आणि मिस्त्रीचा अंगठा पात्याला लागला. धाडकन आवाज झाला अन् मी थांबले. अंगठ्यावर मांजरानं ओरखडल्यासारखी रेघ, बस्स. पण एकदा ब्रेक पात्यात रुतला की ब्रेकही कामातून जातो आणि पातंही. मला वाटलं, आज माझं कौतुक होईल. कसलं काय! मिस्त्री अंगठा चोखत म्हणाला, "एवढ्याशा खरचटण्यापायी चांगलं पातं गेलं. पांढरा हत्ती पोसलाय नुसता."

अंगठा तुटला असता तर त्याला माझी किंमत कळली असती. तुटला नाही, हाच माझा गुन्हा.

ओल्या लाकडालाही कातडी समजून ब्रेक लागतो, म्हणून तो बंद करायला माझ्या अंगावर एक किल्ली आहे. मिस्त्रीनं नवा ब्रेक घातला, कारण त्याशिवाय मी चालतच नाही. पण पुन्हा खर्च नको म्हणून किल्ली फिरवली ती फिरवलीच. बायकोला सांगितलं नाही. तिनं चार गोष्टी सुनावल्या असत्या ना!

ती बिचारी निर्धास्त. "आमची करवत शहाणी आहे," असं शेजारणीला कौतुकानं सांगायची, आणि बारीक पट्ट्या कापताना हात जरा जास्तच जवळ आणायची. एका सकाळी तिची दोन बोटं गेली. मी थांबले नाही, मित्रांनो. मला थांबूच दिलं नव्हतं.

दवाखान्यातून आल्यावर ती थेट माझ्यापाशी आली. किल्ली बघितली.

"ही अशी कधीपासून?"

"दीड वर्ष झालं," मिस्त्री दारातूनच म्हणाला.

तिनं डाव्या हातानं किल्ली परत फिरवली आणि घरात गेली. त्यानंतर ती इकडे फिरकली नाही, आणि मी कोपऱ्यात गेले.

आता मिस्त्री भेटेल त्याला सांगतो, "ब्रेकवालीच घ्या, पैशाकडे बघू नका." लोक त्याच्या हातांकडे बघतात. दहाच्या दहा बोटं शाबूत. "तुम्हाला कुठं काय झालंय?" म्हणतात, आणि स्वस्तातली घेऊन जातात.

तुम्ही माझ्यासारखी घ्या, नाहीतर घेऊ नका, मित्रांनो. पण किल्ली फिरवाल, तेव्हा घरात सांगा तरी.